कातळे लोक: कळव्यातल्या टेबलावर एक वस्ती घडवताना (जून ते ऑक्टोबर २०२५)

आम्ही पाच जण एक रविवार सोडून एक रविवार कळव्याला माझ्या घरी टेबलटॉप रोलप्लेइंग खेळतो. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, अडलं की फासे टाकतात. गोष्ट मी चालवते. खेळणारे म्हणजे माझा नवरा, कॉलेजात असलेली मावसबहीण, शेजारच्या काकूंचा अकरावीतला मुलगा आणि ऐरोलीच्या ऑफिसातला एक सहकारी, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. यंदा ठरवलं की गेम्समध्ये ते डोंगरातले बुटके खाणकाम करणारे असतात ना, ड्वार्फ, तसे लोक आपले आपण बनवायचे, मराठीत, आणि त्यांची एक वस्ती फोममध्ये बांधायची. "जात" हा शब्द मुद्दाम टाळलाय, आपल्याकडे त्याला फार वेगळं वजन आहे, म्हणून सगळीकडे "लोक" म्हणते. कोणाला असंच काही करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून खर्च, चुका, वाया गेलेले दिवस सगळं टाकतेय.

८ जून, रविवार

पहिला मसुदा एका संध्याकाळी लिहून काढला. दोन पानं. बुटके, दाढीवाले, सोन्याचे लोभी, दारू पिणारे, चटकन भडकणारे, दिलेला शब्द पाळणारे, जंगलातल्या लोकांशी वैर. नाव ठेवलं कातळे, कातळावरून. कळवा नाक्यावर पाच झेरॉक्स काढल्या, ५० रुपये.

खेळलो चार तास. त्यातला कातळ्यांच्या गावातला भाग ४० मिनिटांत संपला, कारण कोणी त्यांना काही विचारलंच नाही. सरदार भेटला, सोनं मागितलं, दिलं, पुढे चला. शेजारचा मुलगा निघताना चप्पल घालता घालता म्हणाला, "ताई, हे तर सगळ्या गेममध्ये असतात तेच आहेत, फक्त मराठी बोलतात." खरं होतं.

आणि एक गोष्ट मी केली होती जिची चूक मला त्या दिवशी कळलीच नाही. त्यांना मी एक बोली दिली होती, तोडकीमोडकी, रांगडी. लहानपणी ठाणे-बेलापूर रोडच्या कडेने डोंगरात दगडखाणी होत्या, तिथल्या माणसांचं बोलणं कानावर असायचं, त्यातले हेल उचलले होते. बाकीचे हसले. दादा हसला नाही.

११ जून

दादाने लंच टाइममध्ये बाजूला बोलावलं. त्याचे आजोबा जातीने वडार, पाथरवट, आयुष्यभर खाणीवर. तो शांतपणे म्हणाला, "मी खेळायला येणार आहे, पण ती बोली काढ. माझे आजोबा असेच बोलायचे आणि लोक असेच हसायचे."

मी माफी मागितली. बोली त्याच रात्री काढली, सगळ्यांना मेसेज करून का काढली तेही सांगितलं. पुढचे तीन-चार दिवस वहीला हात लावला नाही, लाज वाटत होती आणि हे सगळं सोडूनच द्यावं का असंही वाटत होतं. मग त्यालाच विचारलं, खाणीवरच्या कामाबद्दल सांगशील का, नसेल सांगायचं तर राहू दे. तो म्हणाला, "कामाबद्दल विचार की. कामाबद्दल कोणी विचारतच नाही."

जो कोणी असे लोक बनवणार असेल त्याला माझं पहिलं सांगणं हेच. त्यांचं बोलणं, चालणं, खाणंपिणं नंतर. आधी ते दिवसभर करतात काय, आणि त्याचे पैसे कोण कसे मोजतो, इथून सुरुवात करा. मी उलटं केलं आणि एक माणूस दुखावला.

१५ जून, रविवार

दादाबरोबर दोन तास, वडापाव आणि वही. जे मिळालं त्यातलं थोडं:

दगड आधी ऐकतात. हातोडीने ठोकलं की चांगला दगड खणखणीत वाजतो, आत चीर असली तर भद्द आवाज येतो. आजोबा डोळे मिटून ठोकायचे म्हणे. मोठी सुतकी, म्हणजे जड हातोडा, वेगळी, छिन्नी वेगळी, टाकी, म्हणजे दगड टोचायचं टोकदार हत्यार, वेगळी, आणि टाकीला रोज धार लावावी लागते, काळ्या दगडावर ती लगेच बोथट होते. खडीचा हिशोब ब्रासवर, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. "तुझ्या त्या सरदाराकडे सोनं किती ते तू लिहिलंयस," तो म्हणाला, "ब्रासला भाव किती ते नाही लिहिलं. मग घरी भाकरी कशी येते?"

त्या रात्री सोनं काढून टाकलं आणि कातळ्यांचं चलन ब्रास केलं. नाणं असं नाहीच. एक ब्रास दगड काढून, घडवून, जागेवर पोचवायला जेवढे दिवस लागतात तेवढं ऋण. माणूस ब्रास देणं लागतो किंवा घेणं लागतो. खेळात लगेच फरक पडला, कारण आता कातळ्याला लाच देता येत नाही, त्याच्यासाठी काम करावं लागतं.

२२ जून, रविवार

दुसरा खेळ. मावसबहीण इंजिनिअरिंगला आहे, नकाशा बघून तिने एकच प्रश्न विचारला आणि माझा अख्खा डोंगर कोसळला. "४० दालनं खोदली आहेत ना, मग खोदलेला दगड गेला कुठे?"

तिथेच बसून हिशोब केला. एक दालन ६० फूट लांब, ३० रुंद, २० उंच. ३६,००० घनफूट, म्हणजे ३६० ब्रास अख्खा कातळ. फोडला की दगड फुगतो, मध्ये पोकळी राहते, तेव्हा दीडपट धरला तर ५४० ब्रास डबर. आपला काळा दगड घनमीटरला साधारण २.९ टन, म्हणजे एका दालनाचे जवळपास ३,००० टन. एका डंपरमध्ये २० टन धरले तरी दीडशे फेऱ्या. आणि अशी ४० दालनं. माझ्या नकाशात डोंगराबाहेर एक सुंदर हिरवी दरी होती आणि एक नदी, बस.

खेळ थांबवला, चहा केला, आणि त्या दिवशी बाकी वेळ आम्ही पाचही जणांनी मिळून फक्त डबराची सोय लावली. माझ्या मते या प्रकल्पातला सगळ्यात चांगला दिवस हाच. नवरा म्हणाला उतारावर ताली घाला, दगडाची बांधबंदिस्ती करून माती अडवा, वर नाचणी-वरी पिकेल. म्हणजे कातळे लोक आपोआप शेतकरी झाले. जेवढं आत खोदाल तेवढं बाहेर शेत. मग त्यातून हे आलं की प्रत्येक दालनाला बाहेर त्याच्याच दगडाच्या तालीचं एक शेत असतं, दोघांचं नाव एकच, आणि एक विकून दुसरं ठेवता येत नाही. शेजारच्या मुलाने शिवी काढली, ती आता आमच्या घरात सर्रास वापरली जाते: "चुरा नदीत टाकणारा." कातळ्यांमध्ये याहून वाईट काही म्हणता येत नाही. स्वतःचं दालन झालं आणि त्याचा गाळ खालच्या गावाच्या पाण्यात गेला, असा माणूस.

कळव्यात राहून समोर पारसिकचा डोंगर रोज दिसतो. त्याच्या पोटातला रेल्वेचा बोगदा १९१६ चा आहे, साधारण १.३ किलोमीटर लांब. लहानपणी डोंबिवलीला आत्याकडे जाताना फास्ट लोकल त्यातून जायची, आत शिरलं की डब्यातली पोरं ओरडायची, मीही ओरडायचे. त्यातून निघालेला दगड कुठे गेला असेल हे मला ४१ वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

२९ जून

छोटी नोंद. ते बुटके का, याचं उत्तर "असतात" हेच होतं. आता ब्रासमध्ये उत्तर आहे. ३ फूट रुंद बोगदा आपल्या उंचीच्या माणसासाठी साडेसहा फूट उंच लागतो, १०० फुटांना साडेएकोणीस ब्रास. कातळ्यांना साडेचार फूट पुरतो, साडेतेरा ब्रास. शंभर फुटांमागे सहा ब्रास वाचले.

आणि यातूनच एक गोष्ट सापडली जी मी शोधत नव्हते. त्यांच्या वस्तीत एकच खोली उंच असते, पाहुण्याची. स्वतःला गरज नसताना जास्तीचा दगड काढून ठेवलेला असतो, कधीतरी उंच माणूस येईल आणि त्याला मान वाकवून बसावं लागू नये म्हणून. गरीब वस्तीतही ती असते, लहान असेल, पण छत वर. नवऱ्याचं पात्र उंचपुरं आहे, ते दिवसभर वाकून चालून चालून त्या खोलीत आलं आणि मी फक्त म्हटलं, "इथे तू सरळ उभा राहू शकतोस." तो खुर्चीवरून खरोखर उठून उभा राहिला.

६ जुलै, रविवार (आषाढी, म्हणून खेळ नाही, बांधकाम)

वस्ती बांधायला घेतली. एक्सपीएस फोमच्या (थर्माकोलसारखा, पण घट्ट) दोन शीट, ९०० रुपये, ठाण्यात स्टेशनजवळून. कटरने दालनं कापली, अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगाळून बोळा केला आणि तो फोमवर दाबत फिरवला, अगदी काळ्या कातळासारखा पोत येतो, हे करून बघाच.

मग घात केला. काळा स्प्रे पेंट आणला, २६० रुपये, गॅलरीत वर्तमानपत्र पसरून मारला. दोन मिनिटांत फोम वितळायला लागला. स्प्रेमधलं सॉल्व्हंट फोम खातं. आठ तासांचं काम, एक अख्खी शीट, खड्डे पडून गेली. ज्यांना माहीत आहे त्यांना हे बाळबोध वाटेल पण मला माहीत नव्हतं. बरोबर पद्धत: काळा अॅक्रेलिक रंग आणि फेविकॉल एकत्र करून ब्रशने जाड हात द्यायचा, वाळला की कडक साल होते, मगच वर काय ते मारा.

दुसरं म्हणजे जुलैत ठाण्यात काहीच वाळत नाही. पाकिटावर एक तास लिहिलंय, आमच्याकडे दीड दिवस लागला, तेही पंख्याखाली. पुठ्ठ्याचा बेस केला होता त्याला चौथ्या दिवशी बुरशी आली. पुठ्ठा पावसाळ्यात वापरू नका, सनबोर्ड (प्लास्टिकचा हलका बोर्ड) घ्या किंवा ऑक्टोबरपर्यंत थांबा.

२० जुलै, रविवार: कोंदाणे

नावांवर अडले होते. कातळ्यांची नावं मी "अमुकचा मुलगा तमुक" अशी केली होती आणि ती सपक वाटत होती. दादा म्हणाला चल लेणी बघू, दगडातून काढलेलं घर कसं असतं ते तरी बघ. मी, दादा आणि मावसबहीण असे तिघं निघालो. ठाण्याहून कर्जत लोकल, पुढे कोंदिवड्यापर्यंत रिक्षा, मग चालत. चिखल, जळवा नाहीत पण डास भरपूर, आणि लेण्यावरून धबधब्याची धार पडत होती, भिजूनच आत गेलो.

कोंदाण्याचा चैत्य बराच पडलाय. पण दर्शनी भागात एका भग्न मूर्तीच्या डोक्याशेजारी ब्राह्मीतली एक ओळ आहे. अर्थ असा की कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. दोन हजार वर्षं झाली असतील. राजाचं नाव नाही, बापाचं नाव नाही. ज्याने केलं तो, आणि ज्याच्याकडे शिकला तो.

मी त्या ओळीसमोर बराच वेळ उभी होते. मावसबहीण फोटो काढत होती. दादाने दगडाला हात न लावता, हवेतच, त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "आजोबांनी शिकवलेला एक जण अजून आहे, पाटे करायचा. तो कुठेही काम करताना सांगतो, मी ह्यांच्या हाताखालचा."

झालं. कातळे लोक बाप विचारत नाहीत. ते विचारतात, "कोणाच्या हातचा?" आणि उत्तर असतं, "भिवाच्या हातचा गोंदू." शिकवणारी बाई असेल तर "रखमाच्या हातची." पोर कोणाचंही असो, टाकी ज्याने पहिल्यांदा हातात धरून मारायला शिकवली त्याचं नाव लागतं. दोघांकडे शिकलात तर दोन नावं लावायला परवानगी, पण एक लपवलंत तर ती चोरी.

परत येताना लोकलमध्ये मोबाईलवर वाचत होते तेव्हा पितळखोऱ्याचा यक्ष पुन्हा समोर आला. कन्नडजवळच्या त्या लेण्यांत सापडलेली, आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेली मूर्ती. बुटका, ढेरपोट्या, तोंडभर हसणारा. त्याच्या हातावर कोरलंय की कण्हदास सोनाराने केलं. म्हणजे बुटके, डोंगरातले, धनाची राखण करणारे लोक आपल्याकडे आधीपासून आहेत, कुबेराचे यक्ष आहेत, खांबांवर भार पेलणारे गण आहेत, आणि त्यातला एक तर हसतोय. मी उगाच बाहेरची दाढी आणि बाहेरचा राग आणून चिकटवत बसले होते. मसुद्यातून "रागीट" शब्द कल्याण येईपर्यंत काढला होता.

खर्च तिघांचा मिळून ६४० रुपये, जेवणासकट.

३ ऑगस्ट, रविवार

मावसबहिणीचा दुसरा प्रश्न: बायका कुठायत? खरंच नव्हत्या, मसुद्यात एक ओळ होती की "स्त्रिया क्वचित दिसतात". खाणीवर बाया किती असतात ते दादाने सांगितलं, डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या, खडी फोडणाऱ्या, आणि पाट्या-वरवंट्याला टाकी लावून देत दारोदार फिरणाऱ्या बाया तर मी स्वतः लहानपणी पाहिल्यात. ओळ काढली. दाढी पण काढली, तिचं काही कामच नव्हतं, उलट धुळीत ती त्रासच. त्याऐवजी डाव्या हाताच्या अंगठ्यावरचे चुकलेल्या हातोडीचे वण. कोण किती वर्षं कामाला आहे ते वणांवरून ओळखतात, आणि हात मिळवताना डावा पुढे करतात म्हणजे समोरच्याला वण दिसावेत.

१७ ऑगस्ट, रविवार

आज खेळात गोंदूच्या तोंडी वाक्य द्यायचं होतं की "आम्ही शब्द मोडत नाही", आणि ते जिभेवर येईना. सगळेच काल्पनिक मानी लोक हे म्हणतात. का मोडत नाहीत?

उत्तर कोंदाण्यालाच होतं. बांधकामात वीट चुकली की काढता येते. कोरीव कामात उडालेला कपचा परत लावता येत नाही. लेणं वरून खाली कोरत येतात, आधी छत, मग खाली, परांची बांधावी लागत नाही हा फायदा, पण वर चुकलात तर ती चूक डोक्यावर कायमची. तेव्हा कातळ्यांमध्ये कुठलाही न फिरणारा निर्णय, लग्न, भागीदारी, नवं दालन, एक रात्र थांबवून घेतात आणि तिघांनी वेगवेगळं ठोकून बघायचं असतं, म्हणजे प्रश्न विचारून. तिघांपैकी एकालाही भद्द वाटलं तर पुन्हा एक रात्र. खेळाडू वैतागतात याने, त्यांना आत्ता उत्तर हवं असतं. वैतागू दे, त्या रात्री काय काय घडतं तीच गोष्ट.

मग चूक झालीच तर? इथे मी बराच वेळ अडले. पहिल्यांदा शिक्षा लिहिली, हद्दपारी वगैरे, टाकून दिली. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या लोकांच्या पुराणकथांत थोर देवाचा हातोडा बनतो ती गोष्ट आठवली. दोघे बुटके भाऊ, एक भट्टीवर, एक भात्यावर. लोकी नावाचा कारस्थानी देव माशी होऊन भात्यावरच्या भावाच्या पापणीला चावतो, रक्त डोळ्यात येतं, तो क्षणभर हात उचलतो, आणि हातोड्याचा दांडा आखूड राहतो. आणि तरी देव त्यालाच सगळ्यात चांगली वस्तू ठरवतात. आखूड दांड्यासकट.

तर कातळ्यांचा नियम असा: चूक भरून काढायची नाही, लिंपायची नाही, रंगवायची नाही. कपचा उडाला तिथेच बाजूला एक बारीक रेघ मारून ठेवायची, "हे माझ्याकडून झालं" अशी. मग पुढच्याने तिच्यातून काही काढायचं, पान, पक्षी, कोनाडा, जे जमेल ते. जुन्या दालनात गेलं की कोरीव काम सगळ्यात दाट तिथे असतं जिथे सगळ्यात जास्त चुका झाल्या. लपवलेली चूक मात्र माफ नाही, कारण लपवलेल्या चिरेखाली उद्या कोणीतरी झोपणार आहे.

माझ्या वितळलेल्या शीटचे तुकडे मी अजून टाकले नव्हते. आज ते घेतले, खड्ड्यांना तसंच ठेवून फेविकॉल-रंगाचा हात दिला, आणि ते वस्तीचं सगळ्यात जुनं दालन झालं. गळक्या कातळासारखं दिसतं, छान दिसतं.

३१ ऑगस्ट

गणपतीत खेळ नाही. घरी शाडू उरला होता आणि आणखी ८० रुपयांचा आणला, त्याच्या कातळ्यांच्या बाहुल्या केल्या, इंचभर उंचीच्या, १२. वाळताना नऊ तडकल्या, हात-पाय बारीक असले की शाडू धरत नाही. इपॉक्सी पुट्टी आणली, ३४० रुपये, आत तांब्याची तार घालून पुन्हा केल्या. पुट्टी मळल्यावर अर्ध्या तासात आवळते, तेव्हा एका वेळी दोनच बाहुल्यांपुरती मळा, मी एकदम सगळी मळली आणि निम्मी दगड झाली.

१४ सप्टेंबर, रविवार

फसलेला खेळ, आणि यात पूर्ण चूक माझी.

जूनपासून जे जे सापडलं ते सगळं मी लिहून काढलं होतं, नऊ पानं झाली. सगळ्यांना प्रिंट दिले, १२० रुपये. खेळायला बसलो आणि मी पहिली ५० मिनिटं समजावत होते. पाहुण्याची खोली का, डावा हात का, ब्रास कसा मोजायचा. मुलगा मोबाईल बघायला लागला. नवरा म्हणाला, "अगं, आम्हाला चुकू दे की. चुकल्यावर ते रागावतील तेव्हा कळेल ना."

पानं परत घेतली. आता एकच पान आहे, त्यावर चारच गोष्टी: ब्रास, कोणाच्या हातचा, चुरा नदीत नको, चुकीला रेघ. बाकी सगळं माझ्या वहीत, समोर येईल तेव्हा येईल. नऊ पानं लिहिणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही, पण ती दुसऱ्याला वाचायला देणं ही चूक.

एक गोष्ट मात्र त्याच दिवशी दादाने दिली, आणि तिच्यामुळे वस्तीला पहिल्यांदा काहीतरी दुखायला लागलं. तो म्हणाला, "तुझे म्हातारे सगळे ठणठणीत आहेत. खाणीवर म्हातारे खोकतात. आजोबा शेवटची सहा वर्षं बसून झोपले, आडवं झालं की श्वास लागायचा."

कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. मग आम्ही धूळवाटा ठरवला. प्रत्येक कामाच्या दहा ब्रासातला एक, ज्यांची छाती गेली त्यांचा. दान म्हणून नाही, त्यांचा हक्क म्हणून, कारण आज आपण ज्या हवेत श्वास घेतो ते दालन त्यांनी धूळ खाऊन काढलं. त्यांना हवेशीर, दाराजवळची जागा मिळते, आणि पाणी मारून दगड कापायचा नियम त्यांच्याच नजरेखाली पाळला जातो. पाण्याची टाकी, लेण्यांतल्या शिलालेखांत जिला पोढी म्हणतात, ती म्हणून वस्तीत सगळ्यात आधी खोदायची, दालन नंतर.

२८ सप्टेंबर, रविवार

धूळवाटा खेळात आला. वस्तीत दोन वर्षं दुष्काळ, पोढी अर्धी, आणि तरुण कातळे म्हणतात यंदा वाटा अर्धा करू, पाणी न मारता सुकाच दगड कापू, नाहीतर पोरं उपाशी राहतील. कोण बरोबर याचं उत्तर मी वहीत लिहिलेलं नव्हतं, मुद्दाम. साडेतीन तास फासे टाकलेच गेले नाहीत, फक्त बोलणं. मुलाच्या पात्राने तरुणांची बाजू घेतली आणि इतकी चांगली मांडली की मला तालीवरच्या नाचणीचा हिशोब पुन्हा करावा लागला. मावसबहिणीने पोढी खोल करायचा मार्ग काढला, आठ ब्रास जास्तीचं काम, पण खालचा दगड भद्द वाजतोय. एक रात्र थांबायचं ठरलं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

घरी हत्यारांची पूजा असते, नवऱ्याचे पाने-पकडी, माझा कटर यंदा पहिल्यांदा त्यात ठेवला. कातळ्यांनाही हा दिवस दिला, थोडा बदलून. त्यांच्याकडे त्या दिवशी उसनी आणलेली हत्यारं धार लावून परत करतात, आणि ज्याचं हत्यार त्याच्या हातचं पाणी पितात. ज्याने शिकवलं तो मेला असेल तर त्याची टाकी एकदा दगडाला लावून, एकच घाव मारून, परत गुंडाळून ठेवतात. तो एक घाव कुठे मारायचा हे वर्षभर ठरवत असतात.

१२ ऑक्टोबर, रविवार

वस्ती पूर्ण. सात दालनं, तीन ताली, पोढी, पाहुण्याची खोली (छत काढता येतं), वितळलेलं जुनं दालन, दहा बाहुल्या. दोन शीटपैकी एक वितळली म्हणून ऑगस्टमध्ये अजून एक घ्यावी लागली, ४५० रुपये.

एकूण खर्च: फोम १,३५०, स्प्रे २६०, रंग-ब्रश-फेविकॉल ७८०, शाडू ८०, पुट्टी ३४०, प्रिंट आणि झेरॉक्स २१०, कोंदाणे ६४०. बेरीज ३,६६०. यातले हजारभर रुपये निव्वळ न विचारता केल्यामुळे गेले. वेळ साधारण ८५ तास, त्यातले वीस-एक वाया.

आज खेळात पोढी खोल करायला घेतली. दादाच्या पात्राला पहिला घाव मारायचा होता. फासा वाईट पडला, कपचा उडाला, चीर थेट काठापर्यंत गेली. नियमाने त्याला रेघ मारायची होती. तो म्हणाला, "रेघ मारतो, पण माझ्या पात्राला अजून 'कोणाच्या हातचा' नाही, ते रिकामंच ठेवलं होतं मी जुलैपासून, आता लिहू का?"

त्याने पोढीचा तुकडा टेबलावरून उचलला, उलटा केला, आणि माझ्या कटरच्या टोकाने फोमच्या तळाला हळूहळू एक नाव कोरलं. आजोबांचं. ते मी इथे लिहीत नाही. मग खाली स्वतःच्या पात्राचं, मग एक आडवी रेघ, आणि तुकडा होता तिथे ठेवून दिला.

चिरेतून काय काढायचं ते मावसबहिणीकडे आलंय. ती म्हणते खेकडा, पुढच्या वेळी दाखवते. अर्धी शीट उरली आहे, जिन्याला पुरेल.